वाखरी ते गोपाळपूर: मित्रमंडळींसोबत वारीचा शेवट गाठताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निघायच्या आधी सगळे खूप चौकशी करतात. बूट कुठले, रेनकोट की इरलं, भिशी (दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे) किती, पाठीवरचं ओझं ट्रकमध्ये टाकता येतं का. शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही, कारण पंढरपूर आलं की झालं असंच सगळे धरून चालतात. मग शेवटच्या मुक्कामाला, वाखरीच्या तळावर, सगळे प्रश्न एकदम उगवतात. आमच्या दिंडीत मित्रमैत्रिणींचे गट दरवर्षी येतात आणि थोड्याफार फरकाने तेच विचारतात, म्हणून उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. ती आषाढी वारीपुरती आहेत. माऊलींच्या किंवा तुकोबांच्या पालखीबरोबर पायी येणाऱ्या छोट्या गटांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

वारी नेमकी संपते कुठे? मंदिरात?

नाही, आणि बहुतेक गटांचा गोंधळ इथेच होतो. परंपरेने वारी संपते आषाढ पौर्णिमेला, पंढरपूरजवळच्या गोपाळपूरच्या काल्याने. म्हणजे नवमीला वाखरीत मुक्काम, दशमीला पंढरपुरात प्रवेश, एकादशीला चंद्रभागास्नान आणि नगरप्रदक्षिणा, द्वादशीला पारणं, पौर्णिमेला काला. पोहोचणं हे असं सहा-सात दिवस चालतं. शहरातून आलेले गट एकादशीला दुपारी गाडी पकडतात आणि 'वारी पूर्ण केली' म्हणतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, नोकरी सगळ्यांनाच आहे. पण आळंदीपासून दोनशे-अडीचशे किलोमीटर चालून आल्यावर शेवटचा, सगळ्यात निवांत भाग सोडून जाणं मला तरी परवडत नाही.

मग सुट्टी कधीपर्यंतची टाकायची?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांवर जाऊ नका. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती २५ जुलैला आहे आणि पौर्णिमा २९ ला. म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. गटात कोणी एकच जण साहेबाला सांगून येतो आणि बाकीचे 'बघू' म्हणतात. तसं करू नका, निघण्याआधीच ठरवा.

वाखरीत एवढं काय असतं?

वाखरी हे पंढरपूरच्या वेशीवरचं गाव, मंदिरापासून जेमतेम सहा-सात किलोमीटर. नवमीला इथे महाराष्ट्राच्या सगळ्या दिशांनी आलेल्या संतांच्या पालख्या एकत्र येतात: आळंदीहून ज्ञानेश्वर, देहूहून तुकाराम, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून एकनाथ. चार भावंडं चार वाटांनी येऊन इथे भेटतात असंच वारकरी बोलतात, आणि पंढरपूरहून नामदेवांची पालखी त्यांना न्यायला सामोरी येते.

माऊलींबरोबर असाल तर वाखरीच्या अलीकडे बाजीराव विहिरीजवळ रिंगण असतं, म्हणजे वारकऱ्यांच्या मधून माऊलींचे अश्व धावतात; ओळींमधलं उभं आणि वर्तुळातलं गोलही. रिंगण झाल्यावर अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते तिच्यात धक्काबुक्की होते, तेव्हा चष्मा काढून खिशात ठेवा. मैदान मोठं आहे, मागे उभं राहूनही दिसतं. पुढे पोलीस आणि चोपदार सांभाळतात, त्यांचं ऐका.

संध्याकाळी तळावर एक फेरी मारा. आतापर्यंत तुम्ही एकाच पालखीचं जग पाहिलेलं असतं. इथे विदर्भातली दिंडी, खानदेशातली दिंडी, मराठवाड्यातली दिंडी शेजारी शेजारी उतरलेली असते. चाली निराळ्या, भाकरी निराळी, हेल तर फारच निराळा. तंबूच्या दोरांवर नऊवारी वाळत असतात, ट्रकच्या चाकाला टेकून कोणी आजोबा पायाला तेल चोळत बसलेले असतात, आणि पलीकडे कीर्तन चालू असतं. गटातल्या फोटो काढणाऱ्या मित्राला ही एक संध्याकाळ मोकळी द्या.

दशमीचा दिवस कसा जातो?

हळू. अंतर कमी असल्यामुळे पोरं म्हणतात, तासा-दीड तासात पोहोचू. ते विसरा. पालख्या ठरलेल्या क्रमाने निघतात. तुकोबा शेवटून दुसरे आणि माऊली सगळ्यात शेवटी. तेव्हा माऊलींच्या दिंड्यांना दुपार तळावरच काढावी लागते, आणि गावात शिरेपर्यंत अंधार पडतो. इसबावीजवळ विसाव्याला पुन्हा उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दीची भिंत, मधून दिंड्या, आणि रस्ता जागच्या जागी थांबलेला.

दिंडीत राहा, हाच एक सल्ला. 'पुढे होऊन रांग पकडू' म्हणून दोघं-तिघं सटकतात आणि ज्या क्षणासाठी एवढं चालले तो क्षण रिक्षा शोधण्यात घालवतात. गावात शिरताना विणेकऱ्यांच्या मागे, टाळकऱ्यांच्या ओळीत, अर्धा आवाज बसलेला असताना 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत जाणं हे चालत आलेल्याच्याच वाट्याला येतं. दर्शन गाडीने आलेल्यालाही मिळतं.

दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागतो?

एकादशीच्या आसपास पदस्पर्श दर्शनाला बारा-पंधरा तास सहज, आणि गर्दी वाढली तर चोवीस तासांच्या पुढेही. रांग गोपाळपूरच्या बाजूला, रांगेसाठी उभारलेल्या पत्राशेडपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. रांगेत पाणी, चहा, खिचडी वाटणाऱ्या संस्था असतात, पण उभं राहायचं तुम्हालाच. मंदिरात मोबाईल नेता येत नाही. यात्राकाळात ऑनलाइन नोंदणी सहसा बंद असते, आणि 'ओळखीने लवकर सोडतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

यात्रेसाठी देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाची शेज बंद होते आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. देवाने उभं राहून थकू नये म्हणून पाठीशी लोड लावतात. यात्रा संपल्यावर देवाचा शीण घालवणारी प्रक्षाळपूजा होते आणि मगच देव विश्रांती घेतो. मध्यरात्रीनंतर रांगेत उभे असाल आणि पाय बोंबलत असतील तेव्हा हे आठवलं की जरा बरं वाटतं. एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा असते. मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात आणि रांगेतल्याच एका वारकरी जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून शेजारी बसवतात. तेवढा वेळ रांग थांबते.

पदस्पर्श, मुखदर्शन, कळसदर्शन: आम्ही काय घ्यावं?

पदस्पर्शात तुम्ही गाभाऱ्यात जाऊन विठोबाच्या पायांवर डोकं टेकता. टेकता म्हणजे टेकवलं जातं. मागून सेवेकऱ्याचा हात खांद्यावर पडतो आणि पुढच्या श्वासाला तुम्ही बाहेर असता. काळा दगड, ओल्या तुळशीचा वास, कपाळाला गार स्पर्श. एवढंच हाती लागतं, आणि त्यासाठी माणसं वर्षभर थांबतात.

मुखदर्शन लांबून होतं आणि वेळ बराच कमी लागतो.

कळसदर्शनाला रांगच नाही. नामदेव पायरीपाशी माथा टेकायचा, शिखराकडे पाहून हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं. याला कमी लेखू नका. जुने वारकरी, ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वारी आहे, ते एकादशीला बहुतेक वेळा हेच करतात. 'पांडुरंगाला ठाऊक आहे मी आलोय' असं एका माळकरी आजींनी आमच्यातल्या एका घाईच्या पोराला ऐकवलं होतं, आणि त्या प्रदक्षिणेला निघूनही गेल्या.

माझं मत विचाराल तर एकादशीला कळस पाहा, आणि गर्दी ओसरायला लागली की पदस्पर्शाला जा. म्हणूनही पौर्णिमेपर्यंत थांबा म्हणतो.

नामदेव पायरीवर पाय का ठेवत नाहीत?

महाद्वाराची ती पहिली पायरी ही नामदेवांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची समाधी मानतात. संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी अशी त्यांची इच्छा होती. समोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना हयातीत मंदिरात पाऊल टाकता आलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. हे मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. गटातल्या तरुणांनी हे ठाऊक असूनच तिथे उभं राहावं. पायरीपाशी दोन मिनिटं थांबलात तर चोखोबांच्या समाधीपाशीही थांबा. लोक घाईत ती ओलांडून जातात.

गटात एकमत होत नाही. एकाला रांग लावायची आहे, दुसऱ्याला घरी जायचं आहे, तिसरी रुसली आहे. काय करावं?

हा प्रश्न दरवर्षी येतो, फक्त नावं बदलतात. अठरा-वीस दिवस एकाच तंबूत झोपून, एकाच नळावर रांग लावून, एकमेकांचं घोरणं ऐकून माणसं शेवटी वैतागलेली असतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या दिवे घाटात कोणी कोणाची पिशवी उचलली नाही हे सासवडला कळत नाही, वाखरीला कळतं.

दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे दशमीचा प्रवेश आणि एकादशीची प्रदक्षिणा सगळ्यांनी मिळून करायची, बाकी दर्शन ज्याचं त्याने आपापल्या मनाप्रमाणे. रांगेसाठी गटाला वेठीला धरायचं नाही आणि रांगेत उभ्या असलेल्याला 'चल रे, गाडी सुटेल' म्हणून फोनही करायचे नाहीत. दुसरी गोष्ट वारीतच आहे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय, जात, हुद्दा न बघता. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या पायाला पहिल्यांदा हात लावायचा. अवघडल्यासारखं होतं खरं. पण समोरचाही वाकतो, दोघांची डोकी आपटतात आणि हसू येतं. बोलून मिटवायला जाल तर पुन्हा दिवे घाटापासून सुरुवात होईल.

गर्दीत चुकामूक झाली तर?

एकादशीला लाखो माणसं एका छोट्या गावात असतात, मोबाईलला रेंज असून नसल्यासारखी. त्यामुळे भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवा. 'महाद्वारात भेटू' हे सगळे म्हणतात आणि तिथेच भेटणं सगळ्यात अवघड. मंदिरापासून जरा लांबची जागा धरा: रेल्वे स्टेशन, किंवा तुमच्या दिंडीचा मठ वा तंबू. प्रत्येकाच्या खिशात दिंडीचा क्रमांक, ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, आणि दिंडीचालकांचा नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडला तर कागद कामाला येतो. नदीच्या वाळवंटात आणि चौकांत पोलिसांचे मदत कक्ष असतात, हरवलेल्यांची नावं भोंग्यावरून पुकारतात.

चंद्रभागेत स्नान करायचं का? पाणी कसं असतं?

प्रथा आहे आणि बहुतेक जण करतात. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपूरपाशी ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून हे नाव. जुलैत वरच्या धरणांतून पाणी सोडलं तर पातळी पटकन वाढते, पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागतं. तशा वेळी कठड्याच्या आत, काठावरच तांब्याने अंगावर घ्या. वाळूत खड्डे असतात, पोहता येतं म्हणून पुढे जाऊ नका. पाणी तोंडात जाऊ देऊ नका, पायाला फोड फुटलेले असतील तर पाय बुडवू नका. नुसतं डोळ्याला पाणी लावलं तरी चालतं, कोणी हिशेब मागत नाही. कपडे पाण्यात सोडू नका आणि निर्माल्य तर नाहीच.

मी देवबिव मानत नाही, मित्रांसोबत चालायला आलो. शेवटी मी काय करू?

चाललात ना, मग झालं. कोणी तुम्हाला परीक्षेला बसवणार नाही. प्रदक्षिणेत चला, कीर्तनाला बसा, रांगेत उभ्या असलेल्या मित्राच्या चपला सांभाळा. फक्त गाभाऱ्यापर्यंत गेलेल्या माणसाला तिथून बाहेर येताक्षणी 'पण याने काय होतं?' असं विचारू नका. तो प्रश्न गाडीत विचारा.

मध्येच सोडून गेलेला मित्र वाखरीला येऊन मिळाला तर चालेल का?

चालेल. त्याला आनंदाने घ्या. 'आम्ही चाललो, तू काय' हा सूर लावू नका, कारण दिंडीतले जुने वारकरी तो लावत नाहीत. फक्त दिंडीचालकांना आधी सांगा, जेवणाचा आणि झोपायच्या जागेचा अंदाज त्यांना लागतो.

उपवास कधी आणि पारणं कधी?

उपवास एकादशीला. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू, रताळी मिळतात. ज्यांचं पित्त खवळतं त्यांनी नुसत्या साबुदाण्यावर राहू नये, केळी आणि ताक जवळ ठेवावं. दुसऱ्या दिवशी 'बारस सोडायची', म्हणजे द्वादशीचं पारणं. बऱ्याच दिंड्यांत त्या दिवशी पुरणपोळी असते. सगळा प्रवास ज्या आचाऱ्यांनी आणि वाढप्यांनी तुम्हाला जेवू घातलं त्यांच्या हातून वाढपाची बादली घ्या आणि या एका पंगतीला तुमच्या गटाने वाढावं. कोणाला सांगावं लागत नाही, नुसतं उठायचं.

राहायचं कुठे?

दिंडीचा स्वतःचा मठ किंवा ठरलेली धर्मशाळा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर नदीपलीकडे पासष्ट एकरचा तळ आहे, भक्तिसागर म्हणतात. तिथे तंबूंना जागा, पाणी, शौचालयं, दवाखाना असतो. घरगुती खोल्याही मिळतात, पण एकादशीच्या आदल्या रात्री शोधायला निघालात तर मागतील तो भाव द्यावा लागेल.

वारीत शेवटी पाळी आली तर?

याबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं आहेत आणि निर्णय जिचा तिचा. चालणं, भजन, प्रदक्षिणा कोणी अडवत नाही. आमच्या दिंडीत बायका एकमेकींना सांभाळून घेतात. पॅड पंढरपुरात मिळतात, तरी वाखरीला पोहोचण्याआधीच पुरेसे घेऊन ठेवा आणि टाकण्यासाठी कागदी पिशव्या ठेवा.

पायांची पार वाट लागली आहे. एकादशीला चालवणार नाही असं वाटतं.

शेवटच्या दोन दिवसांत असं वाटणाऱ्यांची संख्या वाढते, कारण पोहोचलो म्हटल्यावर अंग सैल सोडतं. फोड फोडू नका, आपोआप फुटला तर धुऊन कोरडी पट्टी लावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, पावसात तिथेच चिघळतं. ताप, पायाला लाली आणि ठणका एकत्र असेल तर थेट आरोग्य विभागाच्या कक्षात जा, रस्त्याने ठिकठिकाणी असतात. मधुमेह असलेल्यांनी फोड अंगावर काढायचाच नाही. प्रदक्षिणेला एखादा मित्र हात धरून चालला तर त्यात कमीपणा नाही.

गोपाळकाल्याला काय होतं?

पौर्णिमेला सकाळी पालख्या गोपाळपूरला जातात. पंढरपुरापासून थोड्याच अंतरावर टेकाडावर गोपाळकृष्णाचं मंदिर आहे. तिथे काल्याचं कीर्तन होतं. लाह्या, दही, चुरमुरे असं जे ज्याच्याकडे असेल ते एकत्र कालवतात आणि एकमेकांना भरवतात. घास कोणाच्या हातचा हे बघायचं नसतं, काल्याचा अर्थच तो. 'गोपाळकाला गोड झाला' म्हणत मोठमोठी माणसं लहान पोरांसारखी फुगड्या घालतात. त्यानंतर संतांच्या पादुका विठ्ठलाच्या भेटीला मंदिरात नेतात आणि पालख्या परतीला लागतात. तोपर्यंत गाव बरंच रिकामं झालेलं असतं, दुकानदार बोलायला मोकळे असतात आणि महाद्वारात पहिल्यांदाच नीट चालता येतं.

परत चालत जाता येतं का?

येतं. परतवारी म्हणतात. पालखी परत आळंदीला, देहूला जाते, रोज चालायचं अंतर मोठं असतं आणि सोबत माणसं फार थोडी. बँडबाजा, वाटपाचे मंडप, कॅमेरे काही नसतं. मित्रांपैकी एखाद्याला यायचंच असेल तर त्याला येऊ द्या, पण आधी पाय दाखवून घ्या म्हणावं.

गाडीने परतायचं असेल तर?

एसटी यात्रेसाठी जादा गाड्या सोडते आणि गावाबाहेर चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल अशी वेगवेगळी यात्रा स्थानकं असतात. तुमच्या विभागाची गाडी कुठून सुटते ते आधी विचारा, नाहीतर ओझं घेऊन गावाला आणखी एक प्रदक्षिणा होते. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. रेल्वे कुर्डुवाडी–मिरज मार्गावर आहे. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांना कुर्डुवाडीला गाडी बदलता येते. एकादशीच्या दुपारी सगळं गाव एकदम निघतं, तेव्हा द्वादशीची सकाळही परवडते.

प्रसाद काय न्यायचा?

चुरमुरे, बत्तासे, फुटाणे, बुक्का, कुंकू, तुळशीमाळ. बुक्का चांगल्या दुकानातून घ्या, स्वस्तातला कपाळाला चरचरतो. घोंगडीही इथे मिळते. अंगठ्याने दाबून, धागा ओढून बघितल्याशिवाय घेऊ नका. चुरमुरे पावसात सादळतात, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा.

माळ घालावी का?

पंढरपुरात उत्साहाच्या भरात गटच्या गट माळ घालायला निघतो. गळ्यात शोभेला घालायची असेल तर घ्या विकत. पण वारकऱ्याची माळ ही बांधिलकी आहे: मांस-मद्य सोडायचं, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. ती जाणत्याच्या हातून घालतात. मी तर म्हणेन, एक वर्ष जाऊ द्या.

घरी गेल्यावर काय करायचं असतं?

दारात घरचे पायावर पाणी घालतात, शेजारीपाजारी पाया पडायला येतात, वयाने मोठे असले तरी. संकोच करू नका, तुम्हीही वाका. कोणी कोणी मावंदं, म्हणजे यात्रा करून आल्यावरचं जेवण, घालतात, पण ती हौसेची गोष्ट आहे. चार मित्रांनी मिळून एका घरी घातलं तरी चालतं. त्याच बैठकीत भिशीचे, औषधाचे, गाडीचे राहिलेले पैसे मिटवून टाका. आणि पुढच्या वर्षी यायचं असेल तर दिंडीचालकांना उन्हाळ्याच्या आधीच कळवा, तंबूतल्या जागा मोजक्याच असतात.